मॅजिक अरीना: ५,००० गोल्ड आहे, पॅक घेऊ की ड्राफ्ट खेळू?

घाटकोपर_लोकल:
फोनवर मॅजिक द गॅदरिंग अरीना हा कार्डांचा ऑनलाइन गेम टाकलाय. कलर चॅलेंजचे, म्हणजे सुरुवातीच्या शिकवणीचे, पाचही रंग संपले, सुरुवातीचे तयार डेक मिळाले. हातात ५,२०० गोल्ड (गेममधलं नाणं), ७ रेअर म्हणजे दुर्मिळ वाइल्डकार्ड (ते देऊन त्याच दर्जाचं हवं ते कार्ड घेता येतं) आणि त्याहून दुर्मिळ २ मिथिक आहेत. एका साइटवरून निळा-काळा डेक इम्पोर्ट केला तर २३ रेअर कमी दाखवतंय. असलेली ७ लावून बाकी जागी मिळतील ती कार्डं भरली तर चालेल का? गोल्डचं काय करू? खेळ बहुतेक ठाणे ते भायखळा लोकलमध्येच होणार. खिशातून महिन्याला पाचशेच्या वर घालायचे नाहीत. आणि मुंबईत खेळणारे कुठे भेटतात?

माना_मास्तर:
आधी ती ७ वाइल्डकार्डं तशीच राहू द्या, हात लावू नका.

ज्या २३ रेअर कमी पडतायत त्यांची यादी उघडून नुसती लँड (माना, म्हणजे बाकीची कार्डं खेळायची ताकद, देणारी कार्डं) मोजा. दोन रंगांच्या स्पर्धेतल्या डेकमध्ये ८ ते १२ रेअर निव्वळ दुरंगी लँडमध्येच जातात. म्हणजे तुमची सातही खर्च झाली तरी अजून एकही जोरदार कार्ड आलेलं नसेल. अर्धवट नक्कल केलेला डेक मूळ डेकच्या अर्ध्या ताकदीचाही नसतो. त्यातली कार्डं एकमेकांच्या आधारावर चालतात. मधली चार काढली की बाकीची नुसती महागडी पानं उरतात.

म्हणून पहिला डेक एकरंगी, आणि शक्यतो लाल. लँड सगळे साधे माउंटन, ते फुकट. कामाची बरीच कार्डं कॉमन आणि अनकॉमन असतात, आणि ती वाइल्डकार्डं भरपूर साठतात. रेअर ४ ते ८ लागतील, तेवढी तुमच्याकडे जवळपास आहेतच. शिवाय डाव पाच ते दहा मिनिटांत संपतो, तुमच्या प्रवासाला ते बरं.

कार्ड निवडताना ते कोणत्या संचातलं आहे ते बघा. स्टँडर्ड म्हणजे फक्त अलीकडचे संच चालणारा फॉरमॅट, त्यातून जुने संच ठरावीक काळाने बाहेर पडतात आणि त्यात घातलेलं वाइल्डकार्ड परत मिळत नाही. याला अपवाद फाउंडेशन्स हा २०२४चा संच. तो किमान २०२९पर्यंत स्टँडर्डमध्ये ठेवणार असं कंपनीनेच जाहीर केलंय. लाल डेकमध्ये हमखास लागणारं बर्स्ट लायटनिंग त्यातच आहे आणि ते साधं कॉमन आहे. गोल्डचे पॅक घ्यायचेच असतील तर सुरुवात फाउंडेशन्सपासून करा.

पॅकचा हिशोब असा: एक पॅक १,००० गोल्ड किंवा २०० जेम (गेममधलं दुसरं नाणं, पैशाने किंवा बक्षिसात मिळतं). दर ६ पॅक उघडले की पॅक मोजणाऱ्या चक्रावरून एक रेअर वाइल्डकार्ड मिळतं, आणि अशा दर पाचव्या वेळी रेअरच्या जागी मिथिक. म्हणजे ३० पॅकमागे ४ रेअर आणि १ मिथिक, पॅकमध्ये आपसूक निघतात ती वेगळी. आता सांगा, २३ रेअरचा डेक किती लांब आहे?

ठाणे_स्लो:
रोजच्या कमाईचं वेळापत्रक अमेरिकेच्या घड्याळावर चालतं. आपल्याकडे दिवस दुपारी अडीचला बदलतो. सकाळच्या गाडीत खेळलेले डाव आदल्या दिवसात मोजले जातात आणि संध्याकाळचे नव्या दिवसात. बरेच जण रात्री बारानंतर जागून खेळतात, त्याचा काही उपयोग नाही.

पहिल्या विजयाला २५० गोल्ड आणि पुढच्या तीन विजयांना शंभर-शंभर. चार जिंकले की ५५०, तिथे थांबा. त्यापुढे मिळतं ते चिल्लर. रोज एक क्वेस्ट येते, ५०० किंवा ७५०ची. ५००ची आली तर ती एकदा बदलून घ्या, दिवसातून एक बदल फुकट असतो आणि ७५०ची निघायची शक्यता असते. क्वेस्ट तीनच साठतात, चौथी येतच नाही, म्हणून दोन दिवस नाही उघडलं तरी बिघडत नाही. 'इतकी लाल किंवा हिरवी कार्डं खेळा' छापाच्या क्वेस्टला जिंकावं लागत नाही, हरतानाही आकडा पुढे सरकतो. सगळं धरून दिवसाला साधारण एक पॅक सुटतो.

लोकलबद्दल एक सांगून ठेवतो. अरीनाचा पडदा आडवाच चालतो. मुलुंडला बसायला मिळालं तर ठीक, पण दाराशी एका हाताने कडी धरून हा गेम होत नाही. नेटवर्क गेलं तर डाव थांबत नाही, तुमची दोरी (चालीची उरलेली वेळ दाखवणारी) जळत राहते. ॲप पूर्ण बंद करून लगेच उघडा, त्याच डावात परत जाता येतं. तेवढ्यात वेळ संपलेली नसली म्हणजे झालं. भुयारी मेट्रोत तर पैसे भरलेला ड्राफ्ट सुरूच करू नका. अपडेटही घरच्या वायफायवरच घ्या, जीबींमध्ये असतं.

उभ्यानेच प्रवास असेल तर पोकेमॉन टीसीजी पॉकेट बघा. पडदा उभा, डेक २० कार्डांचा, ३ गुण आधी करणारा जिंकतो, रोज दोन पॅक फुकट. खोली कमी, पण अंगठ्याने खेळता येतो.

तिसरी_निवड:
माना_मास्तरांचं पटतं, पण ड्राफ्टला त्यांनी हातच लावला नाही. ड्राफ्ट म्हणजे पॅकमधून एकेक कार्ड निवडत डेक बांधायचा आणि त्यावर डाव खेळायचे. क्विक ड्राफ्टला ५,००० गोल्ड किंवा ७५० जेम लागतात. निवडलेली सगळी कार्डं कायमची तुमची होतात. तीन हारले की संपलं, सात जिंकले की कमाल. बक्षीस शून्य विजयाला ५० जेम, तीनला ३००, पाचला ६५०, सहाला ८५०, सातला ९५०, आणि किमान एक पॅक. म्हणजे सहा जिंकलात तर पुढचा ड्राफ्ट फुकट. अशी चांगली धाव लागली तर ५ पॅकपेक्षा हा सौदा कितीतरी चांगला.

आणि ड्राफ्ट खेळणार असाल तर त्या संचाचे बक्षिसात आलेले पॅक उघडू नका, साठवा. पॅकमधून निघणारं रेअर तुमच्याकडे आधीच चार असेल तर त्याच संचातलं दुसरं मिळतं. ड्राफ्टमधल्या निवडीला हे संरक्षण नाही. म्हणून आधी ड्राफ्ट, पॅक शेवटी. उलट केलंत तर तेच रेअर पुन्हा हाती येतं.

माना_मास्तर:
सहा विजय नवीन माणसाला कुठून? ज्याला अजून लँड किती घालायची हे कळत नाही तो एक किंवा दोन जिंकून बाहेर पडतो, म्हणजे १०० ते २०० जेम, आणि ५,००० गोल्ड म्हणजे त्याची पाच दिवसांची कमाई. त्याने आधी जंप इन खेळावं. १,००० गोल्ड, २०-२० कार्डांचे दोन गठ्ठे निवडायचे, एकत्र पिसायचे, हवे तितके डाव खेळायचे आणि कार्डं ठेवायची. ४० कार्डांचा डेक कसा चालतो ते तिथे स्वस्तात कळतं. क्विक ड्राफ्ट त्यानंतर. प्रीमियर ड्राफ्टचं तर नावही नको, १०,००० गोल्ड लागतात.

तिसरी_निवड:
जंप इन आधी, हे मान्य. पण ड्राफ्ट कायमचा टाळू नका, गेम शिकवतो तोच.

घाटकोपर_लोकल:
लाल डेक केला. ६० कार्डं, २४ लँड. निम्म्या डावांत हातात नुसती लँड येतात. नशीब की चूक?

माना_मास्तर:
चूक. २४ हा मध्यम वेगाच्या डेकचा आकडा. तुमची बहुतेक कार्डं एक ते तीन मानाची असतील तर २० ते २२ पुरे. शिवाय एका डावाच्या सामन्यात अरीना पहिला हात वाटताना थोडी मदत करतं. आतल्या आत एकापेक्षा जास्त हात काढून डेकमधल्या लँडच्या प्रमाणाला जवळचा हात देतं. तीन डावांच्या सामन्यात ही सोय नाही, तिथे एक लँड वाढवा. ड्राफ्टमध्ये ४० कार्डांना १७, वेगवान डेकला १६.

बदल केल्यावर आधी स्पार्कीशी, म्हणजे बॉटशी, चार-पाच डाव खेळून हात कसे येतात ते बघा. तिथे हरलं तरी काही जात नाही.

आणखी एक खोड. माना आपोआप वळवणारी सोय एकरंगी डेकमध्ये निर्धास्त वापरा. दुसरा रंग आला की ती नेमकी चुकीची लँड वळवते आणि हातातलं दुसरं कार्ड अडकतं. तेव्हा कार्ड ओढण्याआधी लँडवर स्वतः बोट ठेवा.

दादर_पूर्व_पश्चिम:
पैसे घालायचेच तर एकच गोष्ट विचारात घेण्यासारखी, मास्टरी पास (पातळ्या चढताना जादा बक्षिसं देणारा हंगामी पास), मात्र एका महिन्याच्या पाचशेत तो बसणार नाही. तो ३,४०० जेमचा, म्हणजे १७ पॅकच्या भावाचा. पण हंगामाच्या सुरुवातीला घेऊ नका. फुकट खेळत पातळ्या चढा आणि शेवटच्या आठवड्यात बघा. तोवर जितक्या चढलात तितक्यांची बक्षिसं पास घेताच मागील तारखेने मिळतात. फार चढला नसाल तर पैसे वाचले. जेम ड्राफ्टमधूनही साठवता येतात.

कोणी 'अरीनाचं रेअर विकतो, यूपीआय कर' म्हणाला तर तिथेच ब्लॉक करा. अरीनात कार्डांची देवघेव मुळातच नाही. अख्खं अकाउंट विकत घेणं नियमाबाहेर आहे, बंद झालं तर दाद कोणाकडे मागणार?

आता भेटण्याचं. अरीनातली कार्डं कागदी खेळात चालत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. तरीही माणसं भेटायला कार्डांच्या दुकानातली प्रीरिलीज ही सर्वात सोपी जागा. नवा संच बाजारात यायच्या आठवडाभर आधी असते, सगळ्यांना सहा-सहा पॅक मिळतात, तिथेच फोडून ४० कार्डांचा डेक बांधायचा. स्वतःचं कार्ड एकही लागत नाही, म्हणून नवा-जुना फरक कमी पडतो. किटमध्ये अरीनासाठी कोडही येतो, पण एका संचाचा एकच कोड एका अकाउंटला चालतो. जायच्या आधी दुकानात फोन करून जागा धरा. शुक्रवारी संध्याकाळी खेळ असतो का तेही त्याच फोनवर विचारा.

ग्रुपवर सल्ला मागताना स्क्रीनशॉट टाकू नका. डेक एक्स्पोर्ट करून मजकूर चिकटवा आणि खाली चार गोष्टी लिहा: फॉरमॅट, एक डाव की तीन, तुमची रँक, आणि किती वाइल्डकार्ड शिल्लक. नाहीतर लोक तुम्हाला तोच २३ रेअरवाला निळा-काळा डेक सुचवतील.

घाटकोपर_लोकल:
२१ लँडवर आणला. एक्स्पोर्ट खाली चिकटवतो. स्टँडर्ड, एक डाव, ब्राँझ, रेअर शिल्लक ३.