महापूर अलमट्टीमुळं की आपल्याच भरावामुळं?

शिरोळकर:
कर्नाटकाला कृष्णेवरच्या त्यांच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर करायचीय आणि आपल्यातलेच काही म्हणतात अलमट्टीचा काय संबंध. २००५, २०१९, २०२१ तिन्ही महापूर बघितलेत मी. २०१९ ला आमच्या घरात पाणी नदीकडनं नाही आलं, मागच्या ओढ्यातनं उलटं आलं, कारण पुढं जायला जागाच नव्हती. रात्री म्हशींची दावी कापून सोडल्या, दोन परत आल्याच नाहीत. उंची वाढली तर आमचा तालुकाच उठवावा लागेल.

पंचगंगाकाठ:
दादा, म्हशींचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टी आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याला कारण धरलेलं नाही, थोड्या दिवसांत कोसळलेला पाऊस आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यावर बोट ठेवलंय. निळ्या पूररेषेच्या आत मुरूम टाकून प्लॉट पाडले ते कर्नाटकानं का? शिरोलीजवळ हायवेचा भराव बघा, पुरात आडवा बांधच होतो तो, मोऱ्या कितीशा पुरणार. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट धोका पातळी, २०१९ ला ५५ च्या वर गेलं.

शिरोळकर:
शहराचं तुम्ही म्हणता ते असेल, भराव फोडून कमानी करा, माझा विरोध नाही. पण आम्ही नरसोबाच्या वाडीच्या, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे. कृष्णा फुगली की पंचगंगा जागची हलत नाही, हे सांगायला समिती कशाला पायजे?

कृष्णामाई:
धरणं कधी किती भरायची हे कुणीच बोलत नाही. कोयना १०५ टीएमसी, ऑगस्टच्या सुरवातीलाच काठोकाठ आली की मग वरनं पाऊस चालू असतानाच विसर्ग वाढवावा लागतो. जुलैत जागा ठेवा.

पंचगंगाकाठ:
ताई, आणि पुढं पाऊस रुसला तर? उसाला पाणी, वीज, परत आपणच ओरडणार पाणी का सोडलं म्हणून.

कृष्णामाई:
ओरडू देत. ऊस एक वर्ष वाळला तर परत लावता येतो. २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली त्यात १७ माणसं गेली, पाणी चढतंय हे दिसत असताना गाव आधीच बाहेर काढलं असतं तर ती आज असती.

शिरोळकर:
ब्रह्मनाळबद्दल ताईंचं शंभर टक्के पटतं. आमच्याकडंही बोट तिसऱ्या दिवशी आली, तोवर आम्ही शाळेच्या माडीवर. पण अलमट्टीवरचा माझा विरोध कायम आहे.