मदत हवी आहे: ७ महिन्यांच्या लेकीला नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला (चर्चच्या सामूहिक उपासनेला) न्यावं का?

आम्ही वसईचे. लग्नानंतर ५ वर्षांनी देवाने लेक पदरात घातली. पहिल्या नाताळला तिला घेऊनच आभार मानायचे, हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं. पण २४ डिसेंबरची रात्रीची मिस्सा आमच्याकडे उघड्या मैदानात असते. थंडी, स्पीकर, आणि ही तर आठलाच झोपते. २५ला सकाळी जावं तर सासूबाई रुसणार (त्या रात्रीच्या कॉयरमध्ये गातात!).

शिवाय दुपारी घरी तीसेक पाहुणे. कोणी पापे घेणार, कोणी केक भरवणार. डॉक्टरांनी वर्षाच्या आत मीठ, साखर, मध नको म्हणून बजावलंय. मोठ्यांचं मन न दुखवता नाही कसं म्हणता? आणि रात्री बाळाला नेलेल्यांनी कानांसाठी काय केलं?