अलॉय चाकांच्या आडून दिसणारे गंजके ब्रेक ड्रम आणि कॅलिपर घरी रंगवता येतील का?

किनारपट्टीकर:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. गाडी स्विफ्ट, ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. गेल्या महिन्यात अलॉय बसवले आणि आतला तांबूस गंज डोळ्यांत खुपायला लागला. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लोखंड टिकत नाही. साधा स्प्रे चालेल का? कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, सोडवावा लागतो की जागेवरच रंगवता येतो? गणपतीआधी उरकायचा विचार आहे.

चौदाचा_पाना:
साधा स्प्रे नको. आंबा घाट उतरलात की कॅलिपर चांगलाच तापतो, साधा रंग मऊ पडून पापुद्रे सुटतात. सायलेन्सरचा रंगही घेऊ नका. तो पक्का व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढी रोजच्या वापरात कॅलिपरला मिळत नाही. खास कॅलिपरसाठीचाच रंग घ्या.

कॅलिपर सोडवू नका. सोडवलाच तर ब्रेक ऑइलच्या नळीवर लटकू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. चाक काढून जागेवर छान रंगवता येतं. सपाट जमीन, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली लोखंडी घोडी. याला पर्याय नाही.

खरं काम घासण्याचं. तारेचा ब्रश, मग ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मास्क लावा. शेवटी ब्रेक क्लीनर मारा. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावलात तर तिथेच रंग सुटतो. रबरी बूट (धूळ अडवणारी टोपणं), कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना, ब्लीडिंगची निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची तोटी) आणि डिस्कचा घासणारा भाग टेपने झाका. स्प्रेपेक्षा छोटा ब्रश मला बरा वाटतो, उडत नाही. पातळ दोन-तीन हात द्या, जाड एक नको.

घाटवाट:
वरचं सगळं पटलं. ड्रमबाबत माझी चूक सांगते. ड्रमच्या ज्या सपाट तोंडावर चाक बसतं, तिथेही मी हौसेने जाड रंग दिला. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर मागून टकटक. उतरून पाना लावला तर चारही नट ढिले. दबून रंग चेपला होता आणि नटांचा ताण गेला होता. तेवढं तोंड घासून कोरं केलं, तेव्हा जीवात जीव आला. तुम्ही फक्त बाहेरचा घेर रंगवा. आणि चाक चढवल्यावर ५०-१०० किमीवर नट पुन्हा आवळाच.

ड्रम काढायचा असेल तर हँडब्रेक सोडा. अडकला तर त्याच्यावर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट आलटून-पालटून आवळा, अलगद सुटतो. हातोडा नको. आतल्या बाजूला रंगाचा थेंबही नको.

चौदाचा_पाना:
हे नटांचं फार महत्त्वाचं, मी लिहायला विसरलो. आणखी एक: गणपतीआधीची घाई करू नका. श्रावणातल्या दमट हवेत घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं. दसऱ्यानंतर करा. तोवर मागच्या चाकांच्या आतल्या बाजूने, ड्रमच्या पाठीच्या पत्र्यावर ओल दिसते का ते बघून ठेवा. ब्रेक ऑइल रंगाला खाऊन टाकतं.

किनारपट्टीकर:
आज चाक काढून पाहिलं. डाव्या मागच्या पत्र्यावर बोटभर रुंद ओला ओघळ आहे, त्यावर धूळ चिकटून काळी साय धरलीय. उजवीकडे कोरडं आहे. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही थोडी खाली गेलीय.

घाटवाट:
रंगाचं नंतर बघू. ही गाडी आता घाटात नेऊ नका. व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) गळतोय, दोन्ही बाजूंचे एकदम बदलून घ्या. ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू ऑइल प्यायले असतील तर तेही, पुन्हा दोन्ही बाजूंचे.

किनारपट्टीकर:
उद्या सकाळी मेकॅनिकला घरीच बोलावलंय. ड्रम उघडल्यावर आतला फोटो टाकतो.