केबिनमागचं पिल्लू - दूध-पाणी काही देऊ नका

ए-२०३: केबिनच्या मागे फरशीवर पक्ष्याचं पिल्लू पडलं होतं, लेकीने उचलून वर आणलंय. सारखी चोच उघडतंय. सासूबाई म्हणतायत कापसाने दूध पाजूया. कोणाला माहिती असेल तर पटकन सांगा प्लीज

बी-४०२: दूध नको आणि पाणी तर अजिबातच नको!! आधी फोटो टाका

ए-२०३: टाकला. डोळे नुकतेच उघडलेत वाटतं, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या आहेत, शेपूट नाहीच

सी-१०१: अगं पण केवढं ऊन आहे, ड्रॉपरने दोन थेंब पाणी दिलं तर काय होतंय

बी-४०२: काकू त्याच्या उघड्या चोचीत बघा, जिभेच्या मुळाशी बारीक भोक उघडझाप करताना दिसेल, तीच श्वासनळी, वरून थेंब सोडला की सरळ फुप्फुसात जाऊ शकतो आणि वरवर बरं दिसणारं पिल्लू मग दगावतं. पाणी त्यांना आईबापांनी आणलेल्या अळ्या-किड्यांतूनच मिळतं. दूध पक्ष्यांना पचत नाही. आत्ता त्याला ऊब हवीये, पाय गार लागतायत का बघा, गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. बुटाचा खोका घ्या, झाकणाला भोकं, खाली टिश्यू, आणि कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला

डी-३०४: हे बुलबुलचं आहे. केबिनवरच्या मधुमालतीत जोडी आहे, वॉचमनकाकांना घरटं माहितीये

बी-४०२: मग तर उत्तमच, परत घरट्यात ठेवायचं, आत्ताच! मीटर रूममध्ये शिडी आहे

सी-१०१: माणसाचा हात लागला की आई घेत नाही म्हणतात ना?

बी-४०२: नाही हो काकू, तसं काही नसतं, वासावरून ते पिल्लू टाकत नाहीत. ठेवून सगळ्यांनी लांब जायचं पण, आपण खाली उभे राहिलो तर ते जवळ येणार नाहीत

ए-२०३: आणि नाहीच आले तर? मी भरवायला तयार आहे, सुट्टी आहे मला

बी-४०२: तुमची तयारी आहे हे खरंच छान, पण भरवणं म्हणजे सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला. सोय होईपर्यंत तात्पुरतं म्हणून मांजराचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून कुस्करायचं, ओलसर पण पाणी न गळणारं, मुगाएवढा घास बोथट चिमट्याने, पिल्लू स्वतः चोच वासेल तेव्हाच. जबरदस्तीने चोच उघडायची नाही. पोळी, भात, पाव नको, वाढत्या पिल्लाला प्रोटीन लागतं. आणि वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करायचा

बी-१०५: आमच्या एसीवर पारव्याची पिल्लं आहेत त्यांनाही असंच द्यायचं का?

बी-४०२: त्यांचे आईबाप येतायत ना, मग काहीच नको. पारव्याचं वेगळंच असतं, त्याचं पिल्लू चोच वासत नाही, आईबापाच्या तोंडात स्वतःची चोच घालतं, आणि पहिले काही दिवस दोघंही आपल्या गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारं दह्यासारखं घट्ट खाद्य देतात, ते आपण कुठून आणणार

ए-२०३: ठेवलं! आत अजून दोन आहेत. आम्ही वर आलो, खिडकीतून बघतोय

सी-१०१: मागे पोपटाचं पिल्लू सापडलं होतं कोणालातरी, त्यांनी पाळलं होतं

बी-४०२: पोपट पाळणं गुन्हा आहे काकू, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. आणि ज्याच्या अंगावर पिसं आलीत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, असं पिल्लू दिसलं तर उचलूच नका, ते उडायला शिकत असतं, आईबाप जवळच असतात. फारतर मांजराच्या वाटेतून उचलून कुंडीत किंवा झुडपात ठेवा

ए-२०३: आली आली!! चोचीत हिरवी अळी होती, तिघांपैकी कोणाला दिली नाही दिसलं पण गेली आणि लगेच दुसरा आला

डी-३०४: वा!! सेक्रेटरी साहेब, शनिवारी माळी मधुमालती छाटणार आहे ना? तेवढं पुढे ढकला. बुलबुलची पिल्लं दोनेक आठवड्यांत घरटं सोडतात

सेक्रेटरी: माळ्याला आत्ताच फोन केला. वेल सोडून बाकीचं करेल. केबिनच्या मागे मांजरांना दूध ठेवतात तेही तोवर गेटकडे ठेवा म्हणजे मांजरं इकडे फिरकणार नाहीत

बी-१०५: ते मी ठेवते, आजपासून गेटकडे ठेवेन 🙏