निवासी कला शिबिर: टीनएजर मुलांना तिथे राहायला पाठवावं की रोजचा क्लास पुरे?

निळीशाई
सुट्टी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. १४-१५ वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला चित्रं काढायला मनापासून आवडतात, निवासी शिबिराची माहिती हाती लागते आणि घरात वाद सुरू होतो की त्यासाठी राहायला कशाला पाठवायचं, रोज दोन तासांचा क्लास आहेच की. माझं मत सरळ आहे, पाठवा. आणि तीन-चार दिवसांच्या नाही, निदान दोन आठवड्यांच्या शिबिराला पाठवा.

तिथे जास्त चांगलं शिकवतात म्हणून मी हे म्हणत नाहीये, शिकवणं क्लासमध्येही होतं. क्लासमध्ये मिळत नाही तो सलग वेळ. दोन तासांतला सुरुवातीचा वेळ सामान मांडण्यात जातो, शेवटचा ब्रश धुण्यात आणि आवरण्यात, आणि मध्ये कुठे डोळा बसायला लागतो तोवर पुढच्या बॅचची मुलं दारात उभी असतात. शिबिरात ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा स्टँड, जिथे आहे तिथेच राहतं, स्थिरचित्रासाठी मांडलेल्या वस्तू कुणी हलवत नाही. बाहेर बसून निसर्गचित्र करायचं तर अजूनच फरक पडतो, सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे जी सावली बघून चित्र सुरू केलं ती दोन तासांत दुसरीकडे गेलेली असते. उपाय एकच, उद्या त्याच वेळी त्याच जागी परत येऊन बसायचं. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९२ आणि १८९३ मध्ये रूआँ शहरातल्या कॅथेड्रलसमोर (मोठ्या चर्चसमोर) खोली भाड्याने घेऊन हेच केलं, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, आणि त्या एका दर्शनी भिंतीची तीसच्या आसपास चित्रं झाली.

दुसरं म्हणजे सोबत. शाळेत चित्र काढणारं मूल बहुतेक वेळा वर्गात एकटंच असतं, फळा त्यानेच सजवायचा आणि सगळ्यांनी वा वा म्हणायचं. शिबिरात तशीच वीस मुलं एकदम भेटतात. पहिले दोन दिवस त्रास होतो, कारण आपल्यापेक्षा भारी हात असलेली शेजारीच बसलेली असतात, पण वा वा ऐकून जे शिकता येत नाही ते तिथे शेजारच्याचा कागद बघून शिकता येतं.

पेन्सिल२बी
मी पूर्ण असहमत. मोनेचं उदाहरण इथे लागूच होत नाही. तो १८४० चा, म्हणजे तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि कित्येक दशकं रोज रंगवत आलेला माणूस. त्याला खोली भाड्याने घेऊन बसण्याचा फायदा झाला कारण सवय आधीच पक्की होती. १४ वर्षांच्या मुलाची सवय अजून बनायची आहे, आणि ती बनते घरच्या टेबलावर, गृहपाठ, भावंडांचा गोंधळ आणि कंटाळा या सगळ्याच्या मध्ये.

शिबिरात उलटंच शिकवलं जातं, की चित्र काढायला वेगळी जागा लागते, वेगळा मूड लागतो, आजूबाजूला सगळे कलावंतच लागतात. मग मूल घरी येतं, यातलं काहीच नसतं आणि स्केचबुक कपाटात जातं. मी हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय. मोनेच्या समोर मी इटालियन चित्रकार मोरांदीला ठेवतो. बोलोन्यात जवळजवळ सगळं आयुष्य गेलं, बहिणींबरोबर एकाच घरात राहिला, झोपायच्या खोलीतच स्टुडिओ, आणि त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे रंगवत विसाव्या शतकातला एवढा मोठा चित्रकार झाला. शिबिराचे पैसे चांगल्या कागदात घाला आणि वर्षभर रोज अर्धा तास रेखाटन करायला लावा. आणि हो, हे निवासी प्रकरण ज्यांना परवडतं त्यांनाच मिळतं, ते विसरून 'पाठवाच' म्हणणं मला पटत नाही.

मातीचा_गोळा
मी मातीकाम शिकवतो, शिबिरांमध्येही शिकवलंय, त्यामुळे कामाच्या बाजूने बोलतो. रेखाटन रोज अर्धा तास करता येतं, मान्य. भांडं तसं करता येत नाही. चाकावर भांडं उतरवलं की ते आधी चामड्याइतकं कडक व्हावं लागतं, तेव्हाच त्याचा बुडखा कोरता येतो, आणि ती वेळ हुकली की माती एकतर फार ओली असते नाहीतर फार सुकी. मग पूर्ण सुकायला हवेप्रमाणे काही दिवस, जाडी जास्त असेल तर आठवडाही लागतो. आत ओल राहिली आणि भट्टी घाईने तापवली तर पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं, शेजारच्याचंही घेऊन जातं. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसची, मग भट्टी स्वतःहून थंड होईपर्यंत थांबायचं, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, मग दुसरी भाजणी, स्टोनवेअर म्हणजे जास्त तापमानाला भाजायची कणखर भांडी असतील तर १२०० च्या वर. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुलाला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त सुरुवात आणि तयार वस्तू दिसते, मधलं सगळं आम्हीच करतो. तिथे राहणारं मूल सकाळी उठून आधी शेल्फवर जाऊन बोट लावून बघतं की कोरायला झालंय का. हे शिकवून येत नाही.

पण निळीशाई, एका गोष्टीवर मी तुमच्या बाजूने नाही. तुम्ही शिबिराच्या शेवटच्या प्रदर्शनाबद्दल काहीच लिहिलं नाहीत. बहुतेक शिबिरांत शेवटच्या दिवशी पालकांसाठी प्रदर्शन असतं आणि माझ्या मते शिबिराचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. अर्धं शिबिर संपायच्या आत मुलं विचारायला लागतात, हे प्रदर्शनात लावणार का. तिथून पुढे कुणी नवीन काही करून बघत नाही, जे जमतं तेच पुन्हा, जरा मोठं आणि जरा चकचकीत. शिक्षकही त्यात सामील होतात, खोटं कशाला बोलू, कारण पालकांना काहीतरी दाखवावं लागतं. दोन आठवड्यांचं सांगून एकच आठवडा हातात राहतो.

दोन_मुलांची_आई
सगळे कलेवर बोलताय म्हणून मी रात्रीबद्दल विचारते. दिवसभर शिकवणारे शिक्षकच रात्री वसतिगृहावर लक्ष ठेवणार असतील तर मी पाठवणार नाही, कारण दमलेला माणूस झोपणारच. रात्रीसाठी वेगळी माणसं आहेत का, त्यांची आधी नीट चौकशी केलीय का, कुणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दारामागे एकटा राहणार नाही असा नियम लेखी आहे का, मुलाला वाटेल तेव्हा घरी फोन करता येतो का. 'मुलं कामात रमावीत म्हणून फोन जमा करतो' हे मला ठिकठिकाणी ऐकायला मिळालंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. स्टुडिओत फोन नको हे समजू शकते, पण रात्री खोलीत तो मुलाजवळच हवा.

आणि सामानाचं काय? टर्पेंटाइनच्या वाफा, छापचित्रासाठी लिनोचा पत्रा कोरायची धारदार हत्यारं. मातीचा_गोळा दादा, सुकलेल्या मातीच्या धुळीत फुफ्फुसांना घातक सिलिका असतो ना, मग स्टुडिओ झाडूने झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात? मी हे विचारलं तर समोरच्याला प्रश्नच कळला नव्हता. माझं मत, १५ च्या आत निवासी शिबिर नको, दिवसाचं चालेल.

मातीचा_गोळा
ताई, ओल्यानेच पुसायचं, सुका झाडू मारायचाच नाही. आणि ज्याला हा प्रश्न कळला नाही त्याच्याकडे मातीकामासाठी मूल पाठवू नका, एवढं मी खात्रीने सांगतो.

निळीशाई
ताई, तुमचे सगळे प्रश्न बरोबर आहेत आणि ते विचारल्याशिवाय कुणीच पाठवू नये. पण त्यातून कुठलं शिबिर नको ते ठरतं, शिबिरच नको हे नाही ठरत. वयाबद्दल मात्र मला सरसकट रेघ पटत नाही, काही १३ वर्षांची मुलं मजेत राहतात आणि काही १७ व्या वर्षीही रात्री रडतात.

पेन्सिल२बी, सवयीबद्दल. सवय कशाची लावायची हेही बघा ना. रोज अर्धा तास म्हणजे रोज अर्ध्या तासात होईल असंच चित्र. एकाच चित्राला आठ दिवस देणं, मध्येच ते बिघडणं, खरवडून पुन्हा सुरू करणं, ही सवय त्या अर्ध्या तासात कशी लागणार? परवडण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, ज्या शिबिरात काही जागा फी न घेता राखून ठेवलेल्या नाहीत त्याला मी चांगलं शिबिर म्हणणार नाही.

ग्राफाइट
मी शाळेत असताना अशा शिबिराला गेलोय, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. रोज रात्री जेवणानंतर सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावून चर्चा व्हायची. एका रात्री शिकवणाऱ्यांनी माझ्या चित्रावरच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातातल्या चारकोलने 'दुरुस्ती' केली. खांदा बरोबर आला, तो माझ्यापेक्षा चांगलाच होता, पण ते चित्र माझं राहिलं नाही आणि नंतर खूप काळ मी माणसाची आकृती काढलीच नाही.

क्लासमध्ये असं झालं तर मूल संध्याकाळी घरी जातं, आईशी बोलतं, उद्या दांडी मारतं. निवासी शिबिरात ज्यांच्यासमोर हे झालं त्यांच्याच पंगतीला जेवायचं, त्यांच्याच खोलीत झोपायचं. निळीशाई म्हणतात पहिले दोन दिवस त्रास होतो. काहींचा तो त्रास दोन दिवसांत संपत नाही, शेवटपर्यंत चालतो, आणि मूल लाजरं असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही कारण ते गप्प बसून काम करतंय असंच वाटतं.

स्केचबुकवाली
मी १६ वर्षांची आहे आणि गेल्या सुट्टीत जाऊन आले. ग्राफाइट दादा, तुमच्याबरोबर झालं ते वाईटच झालं. आमच्याकडे नियम होता की दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही, काही दाखवायचं असेल तर बाजूला वेगळा कागद घ्यायचा. आणि चर्चेत 'आवडलं' 'नाही आवडलं' चालायचं नाही, आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं, म्हणजे नजर आधी कुठे जाते, कुठे अडकते, वगैरे. ज्याचं चित्र आहे तो शेवटी बोलणार, आणि नको असेल त्या दिवशी चित्र लावायचंच नाही, कुणी कारण विचारणार नाही. अशी चर्चा असेल तर भीती नाही वाटत उलट वाट बघतो आपण.

पण मला सगळ्यात जास्त मिळालं ते रात्री. जेवणानंतर स्टुडिओ उघडा असायचा, काही काम दिलेलं नाही, शिकवायला कुणी नाही, फक्त एक जण लक्ष ठेवायला. सकाळी आम्ही तीस सेकंदांची, एक मिनिटाची रेखाटनं करायचो, मॉडेल पोझ बदलत राहायचं, विचार करायला वेळच नाही. रात्री तेच कागद पसरून बसायचो आणि बघायचो की यातली कुठली रेघ खरी आहे. ते कुणीच सांगितलं नव्हतं करायला.

निळीशाई
हे फार छान लिहिलंस. फक्त तो स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असायचा? १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि सकाळच्या उजेडात बाहेर बसायचं तर लवकर उठावं लागतं. मी तरी रात्री दहाला कुलूप लावेन.

स्केचबुकवाली
नाही ताई, दहाला बंद केलं तर काहीच उरत नाही, दहाला तर सुरू होतं. सकाळचं सत्र उशिरा ठेवा ना त्यापेक्षा. सकाळचाच उजेड चांगला असं थोडंच आहे, संध्याकाळचा पण असतो.

पेन्सिल२बी
बघा, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझंच म्हणणं सिद्ध केलंत. उघडा स्टुडिओ, काम न लादणं, बरोबरीची मुलं, हात न लावणारे शिक्षक. यात झोपायला तिथेच असण्याची गरज कुठे आहे? सुट्टीभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एखादा हॉल उघडा ठेवा, मुलं येतील, बसतील, घरी जातील. ज्यांना राहायचं परवडत नाही त्यांनाही येता येईल, ताईंचा रात्रीचा प्रश्नही मिटेल.

निळीशाई
तो हॉल कुणी उघडला तर मी पहिली मदतीला येईन, मनापासून सांगते. पण बहुतेक मुलांजवळ तो नाहीये. आणि तुम्ही ज्या मोरांदीचं नाव घेतलंत त्याच्याकडे नेमकी तीच गोष्ट होती जिच्याबद्दल मी बोलतेय. त्याच्या बाटल्या मांडलेल्या तशाच राहायच्या, त्यांच्यावर धूळ बसायची आणि तो ती बसू द्यायचा. जेवायची वेळ झाली म्हणून टेबल रिकामं करा असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. किती घरांत १५ वर्षांच्या मुलाला असा कोपरा मिळतो? ज्याला मिळतो त्याने खुशाल घरी राहावं.

पेन्सिल२बी
मग पालकांना तो कोपरा द्यायला सांगा ना. दोन आठवडे दुसऱ्याच्या घरी कोपरा आणि उरलेलं वर्ष काहीच नाही, यात मुलाला काय मिळालं?

निळीशाई
कोपरा काय असतो ते त्याला कळलं. घरी आल्यावर तो मागण्यासाठी आधी ते कळावं लागतं, आणि पालकांनाही ते मुलाच्या तोंडून ऐकलं की जास्त पटतं.

स्केचबुकवाली
मातीचा_गोळा काकांच्या प्रदर्शनाच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. पूर्ण बंद नका करू प्लीज. घरच्यांना बघायचं असतं आणि आम्हाला पण दाखवायचं असतं. फक्त भिंतीवर एकेक निवडक चित्र लावण्यापेक्षा प्रत्येकाचं अख्खं स्केचबुक टेबलावर ठेवा, बिघडलेल्या पानांसकट. म्हणजे प्रदर्शनासाठी म्हणून वेगळं काही करावंच लागणार नाही.

मातीचा_गोळा
हे चालेल मला. मातीकामाचंही तसंच करता येईल, फुटलेली आणि तडा गेलेली भांडीही मांडायची आणि कशामुळे फुटलं ते मुलाने स्वतः सांगायचं. पण पान न दाखवण्याची मुभाही द्या, नको असलेलं पान क्लिपने बंद करून ठेवता आलं पाहिजे, आणि ती क्लिप पालकांनीसुद्धा काढायची नाही.