दोन वाटा, पण तोंड एकच

काही जण म्हणतात की आगीत जळालेल्या 'कन्सेप्शन' या डायव्हिंग सहलींच्या बोटीला बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या, म्हणजे रचना नियमातच होती. होती, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

प्रवासी डेकखाली झोपायचे. पुढे जिना आणि मागे बंकच्या (एकावर एक रचलेल्या झोपायच्या फळ्यांच्या) वर छतात एक झडप. तिथवर पोचायला अंधारात सर्वांत वरच्या बंकवर चढून अंग आकसून घ्यायचं. एवढं करून दोन्ही वाटा उघडत कुठे, तर वरच्या एकाच सलूनमध्ये, म्हणजे बसायच्या-जेवायच्या खोलीत! २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ, आग त्याच सलूनमध्ये भडकली होती. खाली झोपलेले ३४ जण गेले. सर्वांत वरच्या डेकवरचे पाच कर्मचारी वाचले.

धुराचे अलार्म फक्त खाली, तेही एकमेकांना न जोडलेले. सलूनमध्ये एकही नाही. धूर आधी वर साचतो, त्यामुळे खालचा अलार्म वाजेपर्यंत जिना गेलेला असतो. शिवाय रात्रीची फिरती गस्तही नव्हती.

दुसरी वाट पहिलीपेक्षा वेगळ्या जागेत उघडावी, ही शिफारस अपघाताचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) २०२० मध्ये केली. आग लागेपर्यंत ही बोट जवळजवळ चार दशकं चालली होती.