मदत हवी आहे: चौथीच्या इतिहासाचं शब्दकोडं, पण सनावळी काही बसत नाही

लेक यंदा चौथीत आहे. महाराजांच्या गोष्टी तासन्‌तास ऐकते, पण सालं विचारली की गप्प. घोकंपट्टी नको म्हणून महिनाभर रोज रात्री चौकटीच्या वहीत मी तिला शब्दकोडं आखून देते.

मराठीत एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट. त्यामुळे शब्द जुळवणं जिकिरीचं होतं. रायगड, राजगड, प्रतापगड सगळे 'ग' नाहीतर 'ड'वरच भेटतात. शिवनेरी आणि जावळी 'व'वर जुळले, कोंढाणा तोरण्याशी 'णा'वर, तेव्हा मलाच केवढा आनंद झाला! किल्ल्यांची नावं आता ती ऱ्हस्व-दीर्घासकट बिनचूक लिहिते.

अडलंय ते सालांपाशी. आकडेही घरात घालून पाहिले, पण प्रत्येक साल १६नेच सुरू होतं, मग उरलेल्या दोन घरांत ती अंदाजाने काहीही भरते. परवा विचारलं, "पुरंदरचा तह आधी की आग्र्याहून सुटका?" म्हणाली, "आग्रा." कोड्यात मात्र दोन्ही बरोबर! कारण विचारलं तर, "चार घरं आणि पहिलं 'पु', म्हणजे पुरंदरच." सूचना वाचलीच नव्हती.

घटनांचा क्रम आणि सालं कोड्यातून कशी पक्की करून घ्यावीत? कुणी घरी किंवा वर्गात केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, सूचनेतच आधीची घटना गुंफा. 'तहात २३ किल्ले दिले, पुढच्याच वर्षी महाराज कुठे नजरकैदेत पडले?' उत्तर आग्रा. 'तहात गेलेला कोणता किल्ला तानाजींनी १६७० मध्ये परत मिळवला?' कोंढाणा. आणि आठवड्यातून एकदा उलटं करा: भरलेलं कोडं तिच्या हाती द्या, सूचना तिने लिहायच्या, सालासकट. माझ्या वर्गात याचा फार उपयोग झाला. आधी १६५९ प्रतापगड, १६६५ पुरंदर, १६६६ आग्रा, १६७० कोंढाणा आणि १६७४ रायगड एवढीच पाच घ्या. बाकीचं त्यांच्या आगेमागे बसवता येतं.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

मनापासून आभार. काल उलटं कोडं दिलं. आग्र्यापाशी पेन्सिल थांबली, मग स्वतःच लिहिलेली पुरंदरची सूचना तिने पुन्हा वाचली आणि १६६६ लिहिलं. आता पन्हाळा ते विशाळगड या वाटेचं कोडं करतेय. पन्हाळ्याचा 'ळा' कशाशी जुळवू, सुचवाल का?